दहा वर्षांची परीक्षा, तिमाही प्रश्न की पर्यायी बोर्ड?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंटर्नल मेडिसिनचं बोर्ड (विशेषज्ञ असल्याचं सर्टिफिकेट) घेऊन आठ वर्षं झाली, अमेरिकेत हॉस्पिटलिस्ट (भरती रुग्ण बघणारे डॉक्टर) आहात, व्हिसा अजून एच-वन-बी, आणि दोन वर्षांत एबीआयएमचं (हे सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं) पुढचं मूल्यमापन ड्यू आहे. दिवसभराची मोठी परीक्षा द्यावी, दर तिमाहीला प्रश्न सोडवायची एलकेए घ्यावी, की हे सगळं सोडून एनबीपास या पर्यायी बोर्डाचं सर्टिफिकेट घ्यावं? शेवटी तुम्ही असंही विचारलंय की यातल्या कशाने डॉक्टर खरोखर चांगला राहतो.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. एलकेए घ्या. एनबीपास हवं तर जोडीला घ्या, पण ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत एबीआयएमच्या जागी घेऊ नका. दुसऱ्याचं उत्तर लांब आहे, आणि त्यात माझी मतंही बरीच आहेत. मी इथे बरीच वर्षं इंटर्नल मेडिसिन करतोय आणि आमच्या हॉस्पिटलच्या क्रेडेन्शियल्स कमिटीवर बसतो, त्यामुळे हे सर्टिफिकेट टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलेलं आहे.

कमिटीसमोर नव्या डॉक्टरची फाइल येते तेव्हा आम्ही राज्याचं लायसन्स, डीईएचं (नियंत्रित औषधं लिहिण्यासाठीचं) रजिस्ट्रेशन, नॅशनल प्रॅक्टिशनर डेटा बँकेचा अहवाल, मालप्रॅक्टिसचे दावे, सहकाऱ्यांची पत्रं आणि बोर्डाची स्थिती बघतो. लायसन्स राज्य देतं आणि त्यासाठी बोर्ड लागत नाही. कायद्याच्या नजरेत बोर्ड ऐच्छिकच आहे. मात्र हॉस्पिटलच्या बायलॉजमध्ये (अंतर्गत नियमावलीत) आणि विमा कंपन्यांच्या पॅनलच्या नियमांत ते बसलेलं असतं, आणि तिथे ऐच्छिकपणा संपतो. बायलॉजमध्ये ‘एबीएमएस किंवा एओए बोर्ड’ (एबीएमएस ही एबीआयएमसारख्या बोर्डांची शिखर संस्था, एओए ही ऑस्टिओपॅथिक डॉक्टरांची संघटना) एवढंच लिहिलेलं असेल, तर दुसरं कुठलंही सर्टिफिकेट कितीही चांगलं असलं तरी कमिटीचे हात बांधलेले असतात. नोकरी सुटली तर एच-वन-बीवर जास्तीत जास्त 60 दिवसांची मुदत मिळते. नव्या हॉस्पिटलचं क्रेडेन्शियलिंग सहज दोन-तीन महिने चालतं. त्यात बोर्डावरून पत्रव्यवहार सुरू झाला तर तो तुम्हाला परवडणार नाही, इथल्या सिटिझन सहकाऱ्याला कदाचित परवडेल. म्हणून माझा सल्ला तुमच्यासाठी वेगळा आणि त्याच्यासाठी वेगळा आहे.

आता हे भांडण कुठून आलं ते बघू, कारण सगळे पर्याय त्यातूनच निघाले.

एबीआयएम 1936 पासून आहे. सुरुवातीला एकदा बोर्ड घेतलं की ते जन्मभर चालायचं. फॅमिली प्रॅक्टिसचं बोर्ड 1969 मध्ये निघालं तेव्हापासूनच त्यांनी मुदतीचं सर्टिफिकेट ठेवलं. इंटर्नल मेडिसिनमध्ये 1990 पासून दहा वर्षांची मुदत आली, आणि त्याआधी उत्तीर्ण झालेल्यांना तहहयात सूट मिळाली. ही सूट मला कायम विचित्र वाटत आलीय. 2005 मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये चौधरी आणि सहकाऱ्यांनी 62 अभ्यास एकत्र करून पाहिले, तर निम्म्याहून अधिक अभ्यासांत प्रॅक्टिसची वर्षं वाढतील तशी कामगिरी घसरलेली दिसत होती. म्हणजे ज्यांना उजळणीची गरज जास्त असण्याची शक्यता, नेमके तेच उजळणीतून सुटले. तरुण डॉक्टरांचा राग निम्मा तरी इथूनच आहे.

2000 च्या सुमारास सगळ्या बोर्डांनी मिळून ‘मेंटेनन्स ऑफ सर्टिफिकेशन’, म्हणजे एमओसी, चार भागांत आखलं: लायसन्स स्वच्छ असणं, स्वतःचा अभ्यास, परीक्षा आणि स्वतःच्या प्रॅक्टिसचं मोजमाप. कागदावर चौथा भाग सर्वांत महत्त्वाचा होता, आणि प्रत्यक्षात तोच सर्वांत वाईट निघाला. मधुमेहाच्या काही रुग्णांचे आकडे हाताने एका वेबसाइटवर भरायचे, काहीतरी ‘सुधारणा’ केल्याचं दाखवायचं, पुन्हा आकडे भरायचे. हे काम डॉक्टर शनिवारी रात्री उरकत असत. जानेवारी 2014 मध्ये एबीआयएमने यावर आणखी कडी केली: दर दोन वर्षांनी काहीतरी केलंच पाहिजे, पाच वर्षांत 100 पॉइंट, आणि तुम्ही नियम पाळताय की नाही हे वेबसाइटवर सर्वांना दिसणार. स्क्रिप्स क्लिनिकचे कार्डिओलॉजिस्ट पॉल टीअरस्टीन यांनी त्याविरुद्ध अर्ज काढला, त्यावर 19 हजारांहून जास्त सह्या आल्या. फेब्रुवारी 2015 मध्ये एबीआयएमचे अध्यक्ष रिचर्ड बॅरन यांनी आमचं चुकलं म्हणून जाहीर माफी मागितली आणि प्रॅक्टिसच्या मोजमापाचा भाग स्थगित केला. एखाद्या बोर्डाने डॉक्टरांची माफी मागितल्याचं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

त्याच वर्षी ‘अ‍ॅनल्स’मध्ये खर्चाचा हिशेब आला. एका इंटर्निस्टला (इंटर्नल मेडिसिनच्या डॉक्टरला) दहा वर्षांत सरासरी 23,607 डॉलर, हिमॅटॉलॉजी-ऑन्कॉलॉजीवाल्याला 40 हजारांच्या वर. यातला 90 टक्के खर्च फीचा नव्हता, वेळेचा होता. लोक फीवरून ओरडतात, पण खरा पैसा वेळेत जातो, हे पर्याय निवडताना लक्षात ठेवा. एबीआयएमची वार्षिक फी दोनशे डॉलरच्या थोडी वर आहे. एखाद्या शिफ्टपुढे ती काहीच नाही.

या गदारोळातून दोन वाटा निघाल्या. एक बोर्डांच्या आतली, एक बाहेरची.

आतली वाट अ‍ॅनेस्थेशियाने दाखवली. 2014 मध्ये त्यांनी ‘मोका मिनिट’ सुरू केलं: तिमाहीला 30 प्रश्न, प्रत्येकाला एक मिनिट, फोनवर कधीही सोडवा, उत्तर लगेच कळणार, सोबत स्पष्टीकरण. शिवाय उत्तर देताना तुम्हाला किती खात्री होती हेही ते विचारतात. मला ही कल्पना फार आवडली, कारण वॉर्डात धोका असतो तो चुकीच्या उत्तराबद्दल छातीठोक खात्री असलेल्या डॉक्टरचा. ज्याला शंका आहे तो निदान अपटूडेट (ऑनलाइन वैद्यकीय संदर्भ) उघडतो किंवा कुणाला तरी फोन करतो. 2016 पासून त्यांनी दहा वर्षांची परीक्षाच काढून टाकली. मग बालरोगवाल्यांनी 2019 मध्ये तिमाहीला 20 प्रश्नांची पद्धत आणली आणि वर्षाचे विषय आधीच जाहीर करायला लागले, म्हणजे तुम्ही वाचून ठेवू शकता. फॅमिली मेडिसिनने चार वर्षांत 300 प्रश्न ठेवले. 2019 मध्येच एबीएमएसने नेमलेल्या आयोगाने सांगितलं की दहा वर्षांतून एकदाच्या मोठ्या परीक्षेवर सगळं अवलंबून ठेवू नका.

एबीआयएम उशिरा, 2022 मध्ये, एलकेए घेऊन आलं. तिमाहीला 30 प्रश्न, पाच वर्षांत 600. त्यातले किमान 500 उघडावेच लागतात, म्हणजे बाळंतपण, आजारपण किंवा भारतातली लांब सुट्टी यांसाठी 100 सोडायची मुभा. प्रत्येक प्रश्नाला 4 मिनिटं, शिवाय वापरायला थोडा राखीव वेळ. पुस्तक, अपटूडेट, गाइडलाइन्स काहीही उघडा. फक्त दुसऱ्या माणसाला विचारायचं नाही. पाचव्या वर्षाच्या शेवटी उत्तीर्ण की अनुत्तीर्ण ते ठरतं. अनुत्तीर्ण झालात तर मोठी परीक्षा द्यावी लागते, आणि तोवर सर्टिफिकेट लगेच जात नाही. मोठी परीक्षा ज्यांना हवी त्यांच्यासाठी अजून आहेच: एक दिवस, दोनशेवर प्रश्न, 2018 पासून अपटूडेट उघडायची सोय, वर वेगळी फी.

आता एलकेएचे गुणदोष, कारण तुम्हाला पाच वर्षं तिच्यासोबत काढायची आहेत.

आठवणीच्या संशोधनातून एवढं पक्कं कळलंय की नुसतं पुन्हा वाचण्यापेक्षा स्वतःला प्रश्न विचारून उत्तर आठवायचा प्रयत्न केला तर गोष्ट जास्त टिकते, आणि तेच प्रश्न अंतराअंतराने आले तर आणखी टिकते. त्या हिशेबाने तिमाही प्रश्न हे शिकण्याचं साधन म्हणून मोठ्या परीक्षेपेक्षा सरस आहेत. मोठ्या परीक्षेसाठी आपण तीन महिने प्रश्नबँक रगडतो, परीक्षा देतो आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत निम्मं विसरतो. बारावीपासून आपली सवयच तशी आहे.

पण 4 मिनिटांचं घड्याळ खटकतं. मी वॉर्डात एखादं दुर्मिळ औषध लिहिताना दहा मिनिटं वाचतो, फार्मसिस्टला फोन करतो. घड्याळ आणि ‘कुणाला विचारू नका’ या दोन अटींनी नेमकी चांगल्या डॉक्टरची सवयच नियमबाह्य ठरते. गुप्ततेसाठी ते लागतं हे मला समजतं, पटत नाही. दुसरं म्हणजे इंटर्नल मेडिसिनच्या प्रश्नांत ओपीडीचे विषय भरपूर असतात. हॉस्पिटलिस्टला ऑस्टिओपोरोसिसची औषधं किती वर्षांनी थांबवायची हे विचारलं जातं, जे तो प्रत्यक्षात कधी ठरवत नाही. यावर सर्जनांचं उत्तर मला जास्त शहाणपणाचं वाटतं. अमेरिकन बोर्ड ऑफ सर्जरी 2018 पासून दर दोन वर्षांनी 40 प्रश्न देतं. अर्धे सर्वांना सामायिक, अर्धे तुम्ही निवडलेल्या विभागातले. कोणते लेख वाचायचे ते आधी सांगतात, उत्तीर्ण व्हायला 80 टक्के लागतात. मानसोपचार आणि न्यूरॉलॉजीच्या बोर्डाने 2019 पासून याहून सोपं केलं: यादीतल्या 40 लेखांतले 30 निवडा, प्रत्येकावर पाच प्रश्नांची छोटी चाचणी द्या, एवढं जमलं की दहा वर्षांची परीक्षा माफ. तीन वर्षांत 30 चांगले पेपर खरंच वाचणारा डॉक्टर मला कुणाच्याही आईवडिलांसाठी चालेल. ही पद्धत इंटर्नल मेडिसिनला यावी असं मला मनापासून वाटतं. आज तरी ती आपल्याकडे नाही.

बाहेरची वाट म्हणजे एनबीपास, टीअरस्टीन यांनीच 2015 मध्ये काढलेलं. अट अशी की एकदा एबीएमएस किंवा एओएचं मूळ बोर्ड घेतलेलं असावं, लायसन्स वैध आणि निर्बंध नसलेलं असावं, दोन वर्षांत 50 तास मान्यताप्राप्त सीएमई (डॉक्टरांचं चालू शिक्षण) असावं. परीक्षा नाही. फी कमी, कागद कमी. 2022 मध्ये हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने त्यांना पडताळणीसाठी समकक्ष स्रोत मानलं, तेव्हा अनेकांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. पण यात एक गैरसमज आहे. जॉइंट कमिशनने हॉस्पिटलला परवानगी दिली, सक्ती केली नाही. बायलॉज बदलायचे की नाही ते प्रत्येक ठिकाणचा मेडिकल स्टाफ ठरवतो. कायद्यांचंही तसंच. ओक्लाहोमाने 2016 मध्ये पहिला कायदा केला, टेक्सास आणि जॉर्जियाने 2017 मध्ये; पण टेक्सासच्या कायद्यात मेडिकल स्टाफने मतदान करून एमओसी मागितलं तर ते चालतं. त्यामुळे ‘आमच्या राज्यात एमओसीवर बंदी आहे’ असं कुणी सांगितलं तर आधी हॉस्पिटलचे बायलॉज मागा.

एनबीपासबद्दल माझं मत संमिश्र आहे. एका गोष्टीत ते प्रामाणिक आहे: आम्ही तुम्हाला मोजतो असा दावाच ते करत नाहीत. पण 50 तासांच्या सीएमईत काय होतं हे महाराष्ट्रात शिकलेल्याला वेगळं सांगायला नको. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचे पाच वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट कसे गोळा होतात ते आपण पाहिलंय: सकाळी सही, दुपारी जेवण, मधली दोन व्याख्यानं चांगली असली तर नशीब. इथल्या ऑनलाइन सीएमईत जेवण नाही, एवढाच फरक. आणि आपल्याला काय येत नाही ते आपल्यालाच ओळखता येईल या भरवशावर ही सगळी पद्धत उभी आहे. 2006 मध्ये ‘जामा’त डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी डॉक्टरांचं स्वतःबद्दलचं मत आणि प्रत्यक्ष मोजमाप यांची 20 ठिकाणी तुलना तपासली, 13 ठिकाणी दोन्हींत फार थोडा संबंध, संबंधच नाही, किंवा उलटा संबंध निघाला. ज्या विषयात आपण कच्चे असतो त्याच्या व्याख्यानाला आपण जात नाही. मी अजूनही हिपॅटायटिसच्या सेशनला आनंदाने बसतो, कारण ते मला येतं.

कोर्टाचीही वाट झाली. एबीआयएमवर 2018 मध्ये मक्तेदारीचा दावा पडला, की मूळ सर्टिफिकेट आणि एमओसी या दोन वेगळ्या वस्तू जबरदस्तीने एकत्र विकल्या जातात. 2021 मध्ये अपील कोर्टाने तो फेटाळला. 2023 मध्ये हिमॅटॉलॉजिस्ट एरन गुडमन यांच्या अर्जावर पुन्हा 20 हजारांवर सह्या जमल्या, आणि त्याच वर्षी कार्डिओलॉजीच्या मोठ्या संघटनांनी स्वतःचं वेगळं बोर्ड मागितलं. 2025 च्या सुरुवातीला एबीएमएसने तेही नाकारलं. थोडक्यात, बाहेरून दार उघडेल या आशेवर दोन वर्षं थांबू नका.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. पुरावा काय सांगतो? डिसेंबर 2014 मध्ये ‘जामा’त दोन अभ्यास एकत्र आले. एकात व्हीएच्या (माजी सैनिकांसाठीच्या सरकारी आरोग्यसेवेच्या) चार केंद्रांतल्या इंटर्निस्टांमध्ये मुदतीचं बोर्डवाले आणि तहहयातवाले यांची दहा निकषांवर तुलना होती. फरक आढळला नाही. दुसऱ्यात एमओसी लागू झालेल्या आणि न झालेल्या डॉक्टरांच्या रुग्णांत टाळता येण्याजोग्या भरतीच्या प्रमाणात फरक नव्हता, फक्त खर्चाची वाढ किंचित कमी होती. नंतर परीक्षेतले गुण आणि रुग्णांचे परिणाम यांचा संबंध दाखवणारे अभ्यासही आले, पण त्यातले बरेच बोर्डाशी संबंधित संशोधकांनीच केलेले आहेत. ते खोटे आहेत असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो की ज्याला जास्त येतं तो बरा डॉक्टर असण्याची शक्यता जास्त, हे आधीच माहीत होतं; सक्तीची परीक्षा घेतल्यामुळे तो बरा झाला, हे सिद्ध करणं अवघड आहे आणि अजून नीट झालेलं नाही.

खरा पर्याय मला वेगळ्या ठिकाणी दिसतो. जॉइंट कमिशनची मान्यता असलेलं प्रत्येक हॉस्पिटल त्यांच्या नियमाने 2007 पासून तुमच्या कामाचा चालू आढावा घेतंच, ठरावीक काळाने. त्याला ओपीपीई म्हणतात. म्हणजे तुमच्याच रुग्णांवरची माहिती आधीच गोळा होतेय! पण तिच्यात असतं काय? डिस्चार्ज समरी वेळेत केली का, रुग्ण सरासरी किती दिवस राहिला, पुन्हा किती भरती झाले. निदान चुकलं का, अँटिबायोटिक गरजेपेक्षा जास्त दिवस चाललं का, कुटुंबाशी बोलणं कसं झालं, यातलं काही नाही. कमिटीत असे अहवाल आमच्यासमोर हिरव्या रंगात येतात आणि आम्ही पुढचं पान उलटतो. एखादा डॉक्टर खरंच घसरतोय हे आम्हाला कळतं ते नर्सच्या तक्रारीवरून किंवा कन्सल्टंटच्या फोनवरून. मोजमापाची व्यवस्था तेव्हा गप्प असते.

ब्रिटनने डिसेंबर 2012 पासून या दिशेने पाऊल टाकलं. तिथे जीएमसीचं (तिथल्या वैद्यकीय परिषदेचं) रिव्हॅलिडेशन, म्हणजे लायसन्सची फेरतपासणी, पाच वर्षांचं आहे: दरवर्षी अप्रेझल, पाच वर्षांत एकदा सहकाऱ्यांचा आणि रुग्णांचा लेखी अभिप्राय, मग जबाबदार अधिकारी शिफारस करतो. परीक्षा पुन्हा नाही. एनएचएसमधले आपले बरेच मराठी मित्र यावर नाक मुरडतात, फॉर्म भरायचा उद्योग म्हणतात, आणि अप्रेझर ढिला असला तर ते खरंच तसं होतं. पण वर्षातून एकदा एका अनुभवी डॉक्टरने समोर बसून ‘या वर्षी कुठली केस मनातून जात नाही?’ असं विचारणं, ही सोय मला इथे कुणी दिलेली नाही. मी ती दोन सहकाऱ्यांसोबत आपापसात करतो. प्रत्येकाने स्वतःच्या दोन फाइल आणायच्या, एक बिघडलेली आणि एक कुठलीही उचललेली. याचे पॉइंट मिळत नाहीत.

तुमच्यापुरतं काय करायचं ते सांगतो. मेडिकल स्टाफ ऑफिसला ईमेल करून बायलॉजमधलं बोर्डाचं कलम लेखी मागवा, आणि पुढे जिथे अर्ज करायचा विचार असेल तिथलंही. ज्या वर्षी ड्यू आहे त्या वर्षाच्या पहिल्या तिमाहीतच एलकेए सुरू करा. 30 प्रश्न शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. आठवड्याला दोन-तीन पुरतात, आणि नाइट शिफ्टनंतर एकही उघडू नका, कारण उघडलेला प्रश्न परत ठेवता येत नाही. चुकलेल्या प्रश्नांची वही ठेवा. पाच वर्षांत 100 एमओसी पॉइंटही लागतात; एलकेएतल्या बरोबर उत्तरांचे पॉइंट त्यात धरले जातात. तुमची सीएमई त्यात मोजली जाते का ते कोर्स घेण्याआधी बघा, नंतर नाही. मोठी परीक्षा फक्त एकाच परिस्थितीत घ्या: पुढची पाच वर्षं फेलोशिप, लहान मूल, स्थलांतर अशी असणार असतील आणि एका महिन्यात सगळं उरकून परीक्षेपासून दहा वर्षं मोकळं व्हायचं असेल, तर. तो हिशेब काहींना खरंच बसतो.

आणि एबीआयएमच्या पोर्टलवर तुमचा ईमेल अजून रेसिडेन्सीच्या हॉस्पिटलचा असेल तर आजच बदला. सगळ्या मुदतींच्या सूचना तिथेच जातात, आणि ते खातं बहुधा कधीच बंद झालेलं असतं.